कुरोसावाच्या शंभर चित्रपटांच्या यादीत काकपद कुठे कुठे घालू?

काकपद :

मंडळी, नमस्कार.

व्यवसायानं मी मुद्रितशोधक. तीस वर्षं लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली आणि त्यातून एक खोड जडली ती जडलीच. छापलेल्या ओळीच्या आधी मला गळलेली ओळ दिसते. इथलं नावही त्यातूनच आलं. शब्द गळला की दोन अक्षरांच्या मध्ये खालून एक छोटी टोपी काढतात, ते काकपद.

सध्या ही खोड जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या आवडत्या शंभर चित्रपटांच्या यादीवर चालली आहे. कुरोसावा १९९८ साली गेला. मुलगी काझुकोशी झालेल्या गप्पांतून तयार झालेली ही यादी १९९९ साली पुस्तकात आली. नियम एकच : एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट. सुरुवात ग्रिफिथच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स'नं (१९१९), शेवट ताकेशी कितानोच्या 'हाना-बी'नं (१९९७). कुरोसावाचा जन्म १९१०चा. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोरापासून सत्त्याऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंतचं एका माणसाचं सगळं पाहणं त्यात आलं. थोरला भाऊ हेइगो हा मूकपटांना पडद्याशेजारी उभं राहून निवेदन करणारा बेन्शी. चित्रपटांची गोडी त्यानंच लावली. बोलपट आले, बेन्शींचं काम गेलं आणि १९३३ साली हेइगोनं जीव दिला. हे माहीत असलं की यादीतले पहिले काही मूकपट निराळेच वाटायला लागतात.

चार वर्षं झाली, मी ही यादी क्रमानं पाहतोय. वहीत डावीकडे नाव, उजव्या समासात माझी खूण. आज अडुसष्ट झाले.

यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन-तीन ठिकाणी वाटलं की इथे छपाईचा खिळा चुकीचा बसलाय. बर्गमन, तार्कोव्हस्की, अँजेलोपोलस अशा गंभीर दिग्दर्शकांच्या पंगतीत राक्षसपट 'गोजिरा'? फ्रेड अॅस्टेअर नाचतो तो 'डॅडी लाँग लेग्ज'? मियाझाकीचा कार्टूनपट 'टोटोरो'? पाहत गेलो तशी त्यातली गंमत कळली. 'गोजिरा'वाला इशिरो होंडा हा त्याचा जुना मित्र. कुरोसावाच्या 'स्ट्रे डॉग'ला त्याचा सहायक होता आणि म्हातारपणी 'कागेमुशा'पासून पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसला. काजिरो यामामोतो तर गुरूच, त्याचा १९३८चा चित्रपट यादीत आहे आणि त्याला सहायक होता स्वतः कुरोसावा. म्हणजे ही यादी जितकी जागतिक सिनेमाची तितकीच घरच्या फोटोंच्या अल्बमची.

आता माझी अडचण. अडुसष्टाव्या चित्रपटानंतर सहज म्हणून मी वहीत देश मोजले. आफ्रिकेतला एकही चित्रपट नाही. दक्षिण अमेरिकेतला नाही. अॅमेझॉनचं जंगल आहे, पण ते हेर्झोगच्या 'फिट्झकराल्डो'त, जर्मन डोळ्यांनी पाहिलेलं. कोरिया नाही. चिनी म्हणावा असा एकच, तोही तैवानचा, होउ शाओ-शेनचा. भारताचा एक, 'पथेर पांचाली'. इराणचा एक, कियारोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस'. आणि शंभरात बाई दिग्दर्शक शून्य.

मला कुरोसावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. आवड ही आवड असते. पण मी त्याच्या बोटाला धरून जगाचा सिनेमा शिकायला निघालो होतो. आता लक्षात आलं की बोट सोडलं तर अर्धं जग मी पाहिलेलंच नाही. तेव्हा दोन गोष्टी सांगा. ही गाळलेली जागा त्याच्या नजरेची की त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही म्हणून? आणि तुम्ही असता तर काकपद कुठे घातलं असतं? पन्नास नावं नकोत. एखाद-दुसरं, पण स्वतः पाहिलेलं.

दुसरी_रांग :

काका, यादी म्हणजे काही संयुक्त राष्ट्रांची सभा नव्हे, प्रत्येक देशाला खुर्ची द्यायला. त्याला जे आवडलं ते त्यानं सांगितलं. उरलेले बत्तीस आधी पाहून घ्या, मग हिशेब मांडा.

(बाकी 'डॅडी लाँग लेग्ज'बद्दल सहमत. मला अजून पटलेला नाही.)

रीळ_नंबर_सात :

धागा आवडला. मी आयुष्यभर फिल्म सोसायट्यांसाठी प्रोजेक्टर चालवला, चित्रपटांचे डबे उचलले. त्यामुळे माझं उत्तर डबेवाल्याचंच असणार. अमुक चित्रपट कुणाला आवडला की नाही हा पुढचा प्रश्न. आधी तो डबा त्याच्या गावात उतरला का, ते विचारा.

कुरोसावाचंच उदाहरण घ्या. १९५१ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच्या 'राशोमोन'ला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमाला पश्चिमेचं दार उघडलं, हे सगळे सांगतात. तो डबा व्हेनिसला गेला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. जुलियाना स्त्रामिजोली नावाची एक इटालियन बाई तेव्हा जपानात इटालियन चित्रपटांच्या वितरणाचं काम पाहत होती. तिनं 'राशोमोन' पाहिला आणि व्हेनिससाठी त्याची शिफारस केली. तो बनवणाऱ्या दाइएई कंपनीच्या मालकाला स्वतःला तो कळला नव्हता. कुरोसावाला तर चित्रपट तिकडे गेलाय याचाच पत्ता नव्हता. त्याचा 'द इडियट' आपटला होता, हातातलं पुढचं काम गेलं होतं. तो तामा नदीवर मासे धरायला गेला, गळ टाकला, तो कशात तरी अडकून दोरीच तुटली. दुसरी दोरी जवळ नव्हती. तोंड पाडून घरी आला तर बायको दारातच अभिनंदन करायला उभी. कशाबद्दल, ते त्यालाच माहीत नव्हतं! हे त्यानं आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय, आणि ते पुस्तक 'राशोमोन'पाशीच थांबतं.

आता ती बाई तिथे नसती तर? दुसऱ्या कुणाच्या शंभरांच्या यादीत जपानच्या जागी काकपद घालायची पाळी आपल्यावर आली असती.

दुसरी गोष्ट त्याच्याच घरातली. यादीत सादाओ यामानाकाचा १९३५चा 'तांगे साझेन' आहे. यामानाकानं विसाहून जास्त चित्रपट केले आणि १९३८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सैन्यात असताना चीनमध्ये आजारानं गेला. त्यातले आज पूर्ण उरलेत तीन. एवढ्या मोठ्या चित्रपटसृष्टीच्या देशात ही गत, तर सेनेगल नि मालीकडून काय अपेक्षा करता? इराणचा मोहम्मद रेझा अस्लानी घ्या. त्याचा 'चेस ऑफ द विंड' १९७६चा. तो हरवलाच असं सगळे धरून चालले होते. २०१४ साली तेहरानच्या एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात त्याचे डबे सापडले आणि २०२० साली तो धुऊनपुसून पुन्हा पडद्यावर आला. हे काम ज्यांनी केलं त्यात मार्टिन स्कोर्सेसीनं २००७ साली सुरू केलेला वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट होता. हाच स्कोर्सेसी कुरोसावाच्या 'ड्रीम्स'मध्ये कान कापलेला व्हॅन गॉग झालाय, आणि कुरोसावाच्या यादीत त्याचा 'किंग ऑफ कॉमेडी' आहे. सांगायचा मुद्दा, गाळलेल्या जागा भरणारा माणूस यादीतच बसलाय.

आणखी एक, तुमच्या धंद्यातलं. 'एका दिग्दर्शकाचा एकच' हा नियम दिसायला निरुपद्रवी, पण तोही ओळी गाळतो. बुन्युएलच्या नावावर 'अन शिअँ आंदालू' आहे, पॅरिसचा, डोळ्यावरून वस्तरा फिरतो तो. तो घेतला की बुन्युएलनं १९५० साली मेक्सिकोत केलेला 'लोस ओल्विदादोस' आपोआप बाद. म्हणजे अख्खा मेक्सिको एका डोळ्यावरून फिरलेल्या वस्तऱ्यानं कापला गेला, असं म्हणा.

काकपद :

रीळ नंबर सात, वस्तऱ्याबद्दल साष्टांग दंडवत. नियमामुळे मजकूर गळतो हे मला आधी सुचायला हवं होतं. लेखकानं 'प्रत्येक प्रकरण सोळा पानांचं' असं ठरवलं की सतराव्या पानावरचं चांगलं वाक्य बळी जातं, तसंच हे.

डब्यांचा मुद्दाही मान्य, पण अर्धाच. सेनेगलचा डबा टोकियोत उतरला नसेल, ठीक. बायकांचं काय? आन्येस वार्दा पॅरिसमध्येच होती. त्रुफो, गोदार, शाब्रोल, रेने, लुई माल हे सगळे यादीत आहेत. जिथून त्यांचे डबे आले तिथूनच 'क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन'चा येणार. तेव्हा बायकांच्या बाबतीत गुन्हेगार निव्वळ वाहतूक आहे, असं मला काही वाटत नाही.

दुसरी_रांग, बत्तीस बाकी आहेत हे खरं. पण त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यात कुणी बाई लपलेली नाही.

अर्धवट_राव :

आफ्रिकेसाठी दोन नावं. बोललं जातं नेहमी दुसऱ्याबद्दल, पण मी पहिल्यावरच थांबीन.

सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा 'ब्लॅक गर्ल', १९६६. जेमतेम तासाभराचा. सेम्बेन मार्सेयच्या बंदरात हमाली केलेला माणूस, नंतर कादंबरीकार. आपलं लिहिलेलं आपल्याच लोकांना वाचता येत नाही म्हणून चाळिशीच्या आसपास मॉस्कोत जाऊन सिनेमा शिकला. गोष्ट साधी. डाकारची दिउआना एका फ्रेंच कुटुंबाबरोबर फ्रान्सला जाते. तिला वाटतं मुलं सांभाळायची आहेत. तिथे पोचल्यावर कळतं, मोलकरीण म्हणून आणलंय. काकपद, तुम्ही अक्षरांचे माणूस, म्हणून एकच प्रसंग सांगतो. आईचं पत्र येतं. दिउआनाला वाचता येत नाही. मालक वाचून दाखवतो आणि ती गप्प बसलीय हे पाहून स्वतःच तिच्या वतीनं उत्तर लिहायला घेतो. छान, गुळगुळीत उत्तर. ती ऐकते, उठते आणि आईचं पत्र फाडून टाकते. मोठा आवाज नाही, संगीत नाही. शब्द तिचे नव्हते, एवढंच.

दुसरा जिब्रिल दिओप माम्बेतीचा 'तुकी बुकी', १९७३. मोटरसायकलच्या पुढे बैलाची शिंगं लावून फिरणारा पोरगा, त्याची मैत्रीण, आणि पॅरिसला पळून जायचं दोघांचं खूळ. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२च्या सर्वोत्तम शंभरांत हे दोन्ही चित्रपट आहेत. त्याच यादीत पहिला नंबर शांताल अकरमनच्या 'जान दिएलमन'चा, म्हणजे बाईचा. याद्याही सुधारतात, काका.

काकपद :

'तुकी बुकी' मी पाहिलाय. खरं सांगू का, नाही जमला. सुरुवातीच्या कत्तलखान्यातच मी निम्मा बाहेर पडलो होतो. वर माझ्याकडच्या प्रतीत खालचे शब्द चित्राच्या सात-आठ सेकंद पुढे धावत होते. पात्रानं तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य वाचून झालेलं. प्रुफाच्या गठ्ठ्यात पानं मागेपुढे लागली की होतं तसं. तेव्हा तो चित्रपट पाहिला असं म्हणणंच बरोबर नाही. पुन्हा पाहीन. 'ब्लॅक गर्ल' आज वहीत लिहिला, पत्राच्या प्रसंगासाठी.

दक्षिण अमेरिकेचं माझं मीच एक शोधलं, तेही सांगून टाकतो. ब्राझीलच्या नेल्सन परेरा दोस सांतोसचा 'विदास सेकास', १९६३. दुष्काळ, एक कुटुंब आणि बालेया नावाची कुत्री. सुरुवातीला बैलगाडीच्या चाकाचं करकरणं जे लागतं ते थांबतच नाही. मी दोनदा आवाज कमी केला आणि दोनदा लाज वाटून परत वाढवला. आभाळ ढगाळही नाही नि निळंही नाही, कागदासारखं पांढरंफटक. छाया कुठे नाहीच. कुरोसावाचा पाऊस आवडणाऱ्या माणसानं हे एकदा पाहायला हवं. ओल्या चिखलाचा सिनेमा आणि कोरड्या मातीचा सिनेमा शेजारी शेजारी ठेवून.

नीरजा :

उशिरा येतेय, पण बायकांचा मुद्दा निघालाच आहे तर सोडवत नाही.

काकपद, तुम्ही पॅरिसपर्यंत कशाला गेलात? यादीतला मिझोगुचीचा 'लाइफ ऑफ ओहारू' (१९५२) पाहिलात ना? त्यातली ओहारू म्हणजे किनुयो तनाका. या तनाकानं पुढच्याच वर्षी, १९५३ साली, 'लव्ह लेटर' दिग्दर्शित केला आणि १९६२पर्यंत एकूण सहा चित्रपट केले. त्या काळात जपानात बाई दिग्दर्शक म्हणजे जवळपास तीच एकटी. बरं, ती कुरोसावाला परकी होती का? त्याच्या 'रेड बिअर्ड'मध्ये (१९६५) तरुण डॉक्टर यासुमोतोची आई कोण झालीय ते बघा. तिचा डबा बोटीनं यायचा नव्हता. ती त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी होती.

तिचे चित्रपट त्यानं पाहिले का, आवडले का, यावर मी तर्क लढवणार नाही. पण तुमचा पहिला प्रश्न होता, नजर की वाहतूक? इथे वाहतूक नक्की नाही. बाई नट म्हणून यादीत दोन्ही हातांनी घेतली जाते (ओहारू आहे, 'फ्लोटिंग क्लाउड्स'मधली हिदेको ताकामिने आहे), लेखिका म्हणूनही येते (यादीतल्या आंरी कोल्पीच्या चित्रपटाची पटकथा मार्गरीत द्युरासनं सहलेखक म्हणून लिहिलीय). खुर्चीच्या मागे जिथे नाव रंगवतात तिथेच नेमकी गळते. आणि हे एकट्या कुरोसावाचं नाही. त्या पिढीच्या कुठल्याही थोर दिग्दर्शकाची यादी उघडा, बहुतेक हेच.

माझं काकपद मात्र तनाकासाठी नाही, इराणसाठी. कियारोस्तामीच्या आधी पंचवीस वर्षं. फरूग फरूखजादचा 'द हाऊस इज ब्लॅक'. ती कवयित्री. १९६७ साली मोटार अपघातात गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि मागे चित्रपट हा एवढाच, वीसेक मिनिटांचा माहितीपट. तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेला. तुम्हाला यादीतला कियारोस्तामी आवडला असेल, तर त्याच्या १९९९च्या 'द विंड विल कॅरी अस'चं नाव फरूगच्या कवितेचं आहे, हेही लक्षात ठेवा.

गोष्ट सांगत नाही. शाळेच्या वर्गाचा प्रसंग येईल तेव्हा वही मिटून ठेवा.

दुसरी_रांग :

तनाका 'रेड बिअर्ड'मध्ये आहे हे मला माहीत नव्हतं. तीन वेळा पाहिलाय. मुकाट्यानं मागच्या रांगेत जातो.

रीळ_नंबर_सात :

नीरजाताई, हरलो. डबेवाल्याचं उत्तर अर्धंच होतं, हे काकपद म्हणाले ते खरं.

आपल्या बाजूची एक पुरवणी फक्त. 'पथेर पांचाली' यादीत आहे हे योग्यच. रायांचे चित्रपट न पाहणं म्हणजे सूर्यचंद्र न पाहता जगणं, या अर्थाचं कुरोसावाचं वाक्य प्रसिद्धच आहे. पण ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०) शेजारी हवा होता. त्यातली नायिका नीता जिना उतरते तेव्हा मागे चाबकाचे फटके वाजतात, ते प्रोजेक्टरच्या खोलीतही अंगावर येत. आणि दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला जाऊन गौरव घेऊन आला होता. 'राशोमोन'च्या चौदा वर्षं आधी. तिथून पुढे तो डबा कुठे कुठे उतरला नाही, हा वेगळा धागा होईल.

काकपद :

काल रात्री 'द हाऊस इज ब्लॅक' पाहिला. नीरजाताई, वही मिटून ठेवली होती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथून पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वर्गात मुलं बसलीत. कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या बोटांवर रोगाच्या खुणा. शिक्षक एकाला विचारतात, चार सुंदर गोष्टींची नावं सांग. तो सांगतो, चंद्र, सूर्य, फुलं, खेळ. दुसऱ्याला विचारतात, आता कुरूप गोष्टी सांग. तो म्हणतो, हात, पाय, डोकं. आणि मुलं हसतात! कडवट हसू नव्हे, वर्गात कुणी मजेशीर उत्तर दिलं की फुटतं ते. मग एकाला फळ्यापाशी बोलावून सांगतात, 'घर' हा शब्द घालून वाक्य लिही. तो खडू हातात घेऊन उभा राहतो. विचार करतो. मध्येच चित्र तोडून वसाहतीचं फाटक येतं, माणसं त्याच्याकडे चालत येतात आणि ते बंद होतं. मग पुन्हा तो मुलगा. तो लिहितो : घर काळं आहे.

तीस वर्षं वाक्यं तपासली. कर्ता, क्रियापद, विशेषण, सगळं जागच्या जागी. यात मी काय दुरुस्त करणार होतो?

वहीत १९६३च्या 'द बर्ड्स'च्या वर काकपद घातलंय. समासात जागा कमी होती म्हणून 'फरूखजाद' दोन ओळींत तोडावं लागलं. 'ओहारू'च्या खाली एक घातलंय, पण ते अजून रिकामं आहे. 'ब्लॅक गर्ल' शनिवारी. 'मेघे ढाका तारा' पूर्वी पाहिलाय, चाबूक आठवतो, गोष्ट आठवत नाही, म्हणून पुन्हा. यादीतले बत्तीस आहेत तिथेच आहेत. दुसरी_रांग, काळजी नसावी.

नीरजाताई, तनाकाचं कुठून सुरू करू? 'लव्ह लेटर'पासून क्रमानं, की थेट 'फॉरएव्हर अ वुमन'?

नीरजा :

थेट 'फॉरएव्हर अ वुमन', १९५५. तीही एका कवयित्रीचीच गोष्ट आहे, फुमिको नाकाजोची. क्रम नंतर लावा.